नौपाड्याचं घर विकून मनालीत घर: एका व्यवहाराचा प्रकरण अभ्यास

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि रकमा बदलल्या आहेत. व्यवहार २०२४-२५ या आर्थिक वर्षातला, त्यामुळे प्राप्तिकराची कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे, तेव्हा क्रमांक जुळवून वाचावेत.)

पार्श्वभूमी

ठाण्यातलं निवृत्त जोडपं. काका राष्ट्रीयीकृत बँकेतून, काकू शाळेतून निवृत्त. राहतं घर वसंत विहारला. त्याआधीचा वन-बीएचके नौपाड्यात, १९९६ साली काकांच्या एकट्याच्या नावावर घेतलेला आणि पुढे बरीच वर्षं भाड्याने दिलेला. इमारत जुनी, लिफ्ट नाही. पुनर्विकासाचा विषय प्रत्येक वार्षिक सभेत निघतो आणि चहा येईपर्यंत मिटतो.

मुलगा ऐरोलीच्या आयटी कंपनीत होता. सह्याद्रीतल्या ट्रेकपासून सुरुवात झाली आणि गाडी मनालीला पोचली. तिथल्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत त्याने स्कीचा बेसिक आणि मग इंटरमीजिएट कोर्स केला. नंतर घरी जाहीर केलं की नोकरी सोडणार, जवळच्या सोलंग या स्कीच्या ठिकाणाच्या वाटेवर एक घर घेऊन होमस्टे चालवणार, हिवाळ्यात स्की शिकवणार. बत्तीस वर्षांच्या मुलाला नाही म्हणणं दोघांनाही जमलं नाही. पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर घरातच होतं: नौपाडा विकायचा.

इथे ठाणेकर वाचकासाठी थोडा भूगोल. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर, सोलंगचा उतार त्याहून पाचेकशे मीटर वर. स्कीचा खरा हंगाम जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि पलीकडचं लाहौल खोरं हिवाळ्यातही मनालीला जोडलं गेलं. पर्यटक वाढले, तसे या पट्ट्यातल्या घरांचे भावही. पण बर्फ कुणी लिहून देत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गसारख्या ठिकाणीही उतार उघडे पडले होते, आणि हिमाचलचा तो महिनाही जवळपास कोरडाच गेला.

अडचण

ऑक्टोबर २०२४ मध्ये काका आमच्याकडे आले ते सल्ल्यासाठी नव्हे, कागद तपासायला. दोन्ही व्यवहार त्यांच्या दृष्टीने ठरलेले होते.

नौपाड्याच्या फ्लॅटला ९६ लाखांचा गिऱ्हाईक मिळाला होता. त्याने एक लाख विसार दिला होता, गृहकर्ज मंजूर होतं, आणि महिनाभरात करारनामा नोंदवा म्हणून तो मागे लागला होता. तिकडे मनालीजवळच्या एका गावात लाकूड-दगडाची दुमजली कॉटेज ८५ लाखांना ठरली होती आणि काकांनी दोन लाख बयाना पाठवून दिला होता. त्या कॉटेजचे म्हणून जे कागद त्यांनी पुढे केले ते असे: एक नोटरी केलेला करार, एका कुलमुखत्यारपत्राचा मसुदा आणि जमाबंदीची झेरॉक्स. जमाबंदी म्हणजे आपल्या सातबाऱ्याच्या जागी तिथे चालणारा उतारा. त्यावर नाव स्थानिक माणसाचं होतं आणि व्यवहारानंतरही त्याचंच राहणार होतं. मध्यस्थाचं म्हणणं असं की बाहेरची सगळी माणसं असंच घेतात, कागदावर तो, ताब्यात तुम्ही.

हिमाचल प्रदेश कूळवहिवाट व जमीन सुधारणा कायदा, १९७२, याचं कलम ११८ तिथल्या प्रत्येक जमीन व्यवहाराच्या मुळाशी आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित करता येत नाही. विक्री, बक्षीस, भाडेपट्टा, सगळं त्यात आलं. ताबा देण्याच्या हेतूने केलेलं मुखत्यारपत्र आणि बेनामी व्यवहारही कायद्याने त्यातच धरले आहेत. म्हणजे मध्यस्थ ज्याला पळवाट म्हणत होता, ती पळवाट कायदा करणाऱ्यांना आधीच माहीत होती. उल्लंघन सिद्ध झालं तर जमीन सरकारजमा होते.

हे ऐकल्यावर काका हसले. "अहो, मी शेतकरीच आहे! संगमेश्वरला वीस गुंठे आहेत, सातबारा माझ्या नावावर."

हा गैरसमज मराठी माणसात फार पक्का आहे आणि त्याला कारणही आहे. आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असावं लागतं, म्हणून शेतकरी दाखल्याला आपण देशभर चालणारी किल्ली समजतो. हिमाचलच्या कायद्यात शेतकरी म्हणजे हिमाचलमधली जमीन स्वतः कसणारा जमीनमालक. संगमेश्वरचा सातबारा तिथे उपयोगाचा नाही. इतकंच काय, पिढ्यान्‌पिढ्या शिमल्यात राहणाऱ्या पण शेती नसलेल्या हिमाचली माणसालाही हीच परवानगी लागते.

खरी गुंतागुंत यापुढची होती. नौपाडा विकला की भांडवली नफा होणार, म्हणजे मूळ किमतीवर जे जास्त मिळेल ते. कलम ५४ प्रमाणे तो नफा विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत भारतात दुसरं राहतं घर विकत घेण्यात घातला, तर कर लागत नाही. बांधायचं असेल तर तीन वर्षं. म्हणजे ठाण्यात सही झाली की एक मुदत धावायला लागते. कलम ११८ ची परवानगी किती दिवसांत मिळेल, मिळेल की नाही, हे मात्र कुणाच्या हातात नाही. एका बाजूला ठरलेली मुदत, दुसऱ्या बाजूला बेमुदत वाट पाहणं, आणि काका पहिली सही करायला उतावीळ.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कॉटेजचा, आहे तसा. तो मोडीत काढायला कायदा पुरेसा होता, पण काकांना कायद्याने पटलं नाही. त्यांना पटलं ते दुसऱ्याच प्रश्नाने. तुमच्या बँकेत असताना या कागदांवर कर्ज मागायला कुणी आलं असतं, तर तुम्ही दिलं असतं का? काका गप्प झाले. मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलंय, हे त्यांना बँकेच्या प्रशिक्षणातच शिकवलं होतं. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात २०१६ पासून एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. असा व्यवहार करायला लावणारा मध्यस्थही त्यात अडकतो, पण त्याने घेणाऱ्याची सुटका होत नाही.

काकूंचा प्रश्न वेगळाच होता. मुलाने पाठवलेला कॉटेजचा व्हिडिओ त्यांनी कान देऊन ऐकला होता. "पाण्याचा आवाज केवढा येतोय, नाला किती लांब आहे?" जुलै २०२३ मध्ये बियास नदीला आलेल्या पुराने कुल्लू-मनाली पट्ट्यात रस्ते, हॉटेलं, गाड्या वाहून नेल्या होत्या. नाल्याकाठचं घर बघायला छान वाटतं आणि व्हिडिओत तर फारच. आमच्या तपासणीच्या यादीत हा प्रश्न कागदपत्रांच्या खाली होता. तो वर असायला हवा, असं आता वाटतं.

दुसरा पर्याय कायदेशीर दाराचा: हिमाचल रेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट, परवानगी मिळाली तरच खरेदी. असे प्रकल्प मनालीच्या वरच्या भागात कमी, खाली कुल्लूच्या बाजूला जास्त. म्हणजे सोलंग लांब पडणार, होमस्टेचं स्वप्न आटणार. शिवाय हिमाचलची तेव्हा लागू असलेली २००८ ची होमस्टे योजना मुळात मालक स्वतः राहतो त्या घरातल्या खोल्यांसाठी होती. ठाण्यात बसून मनालीत होमस्टे चालवता येत नव्हता.

तिसरा पर्याय मुलाच्या मित्राने सुचवला: औली, स्कीचं दुसरं ठिकाण. उत्तराखंडात नगरपालिका हद्दीबाहेर परप्रांतीयाला घरासाठी २५० चौरस मीटर जमीन घेता येत असे, परवानगीची कटकट कमी. पण औलीचं दार म्हणजे जोशीमठ, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथली जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले. औलीचा रोपवे तेव्हापासून बंद होता. यावर चर्चा फार लांबली नाही. (पुढे २०२५ मध्ये उत्तराखंडाने कायदाही आवळला.)

चौथा पर्याय असा की मुलाला पाठवायचं, घर घ्यायचं नाही. तिथल्या एखाद्या कुटुंबाच्या नोंदणीकृत होमस्टेत त्याने व्यवस्थापक म्हणून काम करायचं, उत्पन्नात वाटा घ्यायचा, मालकी आणि ताबा त्यांच्याकडेच. एक-दोन हंगाम काढून मग ठरवायचं. मुलाला यात कमीपणा वाटला. "मग मी तिथे नोकरच ना, बाबा?"

या सगळ्याच्या अलीकडे एक मूळ प्रश्न होता, नौपाडा विकावा का. काकूंचा विरोध होता. पुनर्विकास झाला तर नवा, मोठा फ्लॅट मिळेल, आत्ता विकलं तर तो फायदा घेणाऱ्याचा. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण सोसायटीने पुनर्विकासासाठीच्या, सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९अ च्या निर्देशांप्रमाणे पहिली पायरीसुद्धा ओलांडली नव्हती, सभासदांत दोन तट होते आणि काका ६७ वर्षांचे. ९६ लाखांचा भाव त्या इमारतीला चांगला होता.

कराचा हिशेब

काकांच्या डोक्यात "वीस टक्के, म्हणजे वीसेक लाख कर" बसला होता. एवढ्या भीतीपोटी माणूस कुठलंही घर घेतो. म्हणून कागदावर हिशेब मांडला (दलाली आणि किरकोळ खर्च सोडून).

घर १९९६ चं असल्याने खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चं मूल्य धरलं, ते नोंदणीकृत मूल्यांककाने ९ लाख काढलं. २००१-०२ ला १०० धरून २०२४-२५ चा महागाई निर्देशांक ३६३. त्याप्रमाणे वाढवलेली किंमत ३२.६७ लाख, नफा ६३.३३ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे सुमारे १२.६७ लाख. निर्देशांक न लावता नफा ८७ लाख, १२.५ टक्क्यांनी १०.८८ लाख. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला यातला कमी कर लागू होतो. म्हणजे अधिभार आणि उपकर सोडून पावणेअकरा लाखांच्या आसपास. भीती निम्म्यावर आली.

शिवाय कलम ५४ईसी आहे. विक्रीपासून सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे घ्यायचे, पाच वर्षं हात लावायचा नाही, व्याज तेव्हा ५.२५ टक्के आणि तेही करपात्र. ते केलं तर ८७ पैकी ३७ लाखच उरतात आणि त्यांवरचा कर साधारण ४.६ लाख. आता प्रश्न असा उभा राहिला: साडेचार-पाच लाखांचा कर वाचवण्यासाठी ३७ लाखांचं घर, तेही जिथे घेता येईल की नाही हेच नक्की नाही तिथे, घ्यायचं का?

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हा होता, कॉटेजचा नव्हे. कॉटेज नाकारण्यात हुशारी लागत नाही. "कर वाचवायला घर" ही वाक्यरचना मात्र ठाण्यात इतक्या जणांच्या तोंडी आहे की ती उलटून बघायचं कुणाला सुचत नाही.

काय केलं

गिऱ्हाइकाला सहा महिने थांबवायचा प्रयत्न केला. आधी परवानगीचा अर्ज, मग विक्री, असा क्रम आम्हाला हवा होता. कलम ५४ मध्ये विक्रीच्या वर्षभर आधी घेतलेलं घर चालतंच, त्यामुळे नुकसान काही नव्हतं. गिऱ्हाईक थांबेना, त्याच्या कर्जमंजुरीची मुदत संपत होती. काकांनी विकायचं ठरवलं. आमचं मत नोंदवून आम्ही बाजूला झालो. घर त्यांचं होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये करारनामा नोंदवला. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने घेणाऱ्याने १ टक्का, म्हणजे ९६,००० रुपये, टीडीएस कापून भरला. सोसायटीने ना-हरकतीसोबत "ऐच्छिक विकास निधी" म्हणून बरीच रक्कम मागितली. हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५,००० आहे, हे शासनाच्या परिपत्रकासह नम्रपणे लिहून दिल्यावर निधी पुन्हा ऐच्छिक झाला.

मनालीच्या मध्यस्थाला लेखी कळवलं की कलम ११८ ची परवानगी नसल्याने व्यवहार रद्द, बयाना परत करावा. हे पत्र मुद्दाम सौम्य लिहिलं होतं. बेकायदा व्यवहारात पैसे दिलेल्या माणसाने कोर्टाची भाषा केली तर अडचण त्याचीही होते. हप्त्याहप्त्याने दीड लाख आले, उरलेल्या पन्नास हजारांवर पाणी सोडलं.

एप्रिल २०२५ मध्ये ५० लाखांचे रोखे घेतले. मुलगा डिसेंबरपासूनच चौथ्या पर्यायाने मनालीत होता, करार सेवेचा, ताबा मालक कुटुंबाचा. त्या हिवाळ्यात त्याला जे कळलं ते कुठल्याही दलालाने सांगितलं नसतं. स्की शिकायला येणारे मूठभर. बाकी सगळे बर्फ बघायला दोन रात्री येतात, भाड्याचे गमबूट आणि कोट घालून फोटो काढतात आणि जातात. खोल्या खऱ्या भरतात त्या नाताळ ते नववर्ष आणि मग थेट मे महिन्यात, मुंबई-पुण्याच्या शाळांना सुट्टी लागली की. म्हणजे स्कीच्या नावाने घेतलेल्या घराचा खर्च उन्हाळ्यातल्या मराठी आणि गुजराती कुटुंबांवर निघतो. पाइप गोठणं, वीज जाणं, छतावरचा बर्फ ओढून काढणं हे काम वेगळंच. आणि मालक कुटुंबाची आजी कुठल्या खोलीला ओल येते हे न बघता सांगते.

तरी काकांना हिमाचलात काहीतरी हवंच होतं. मग कुल्लूच्या बाजूला रेरा नोंदणीच्या प्रकल्पात ३९ लाखांचा छोटा स्टुडिओ फ्लॅट पाहिला. करारात एक अट घालून घेतली: परवानगी नाकारली गेली किंवा ठरलेल्या तारखेपर्यंत आली नाही, तर पूर्ण रक्कम परत. नोंदणीकृत करारापूर्वी रेरा कायद्याप्रमाणे १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. विकसकाने सुरुवातीला २० टक्के मागितले होते, घेतले तीन लाख. घरात घालायच्या ३७ लाखांपैकी उरलेले ३४ लाख विवरणपत्राच्या मुदतीआधी भांडवली नफा खात्यात, म्हणजे घर घेईपर्यंत अशी रक्कम ठेवायच्या बँक खात्यात, ठेवले. परवानगीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल झाला, तिथून तो राज्य सरकारकडे जातो.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस बियास पुन्हा फुगली, कुल्लू-मनाली महामार्ग ठिकठिकाणी तुटला. स्टुडिओ नदीपासून बराच वर आहे. मुलगा मात्र काही दिवस वरच अडकला होता, आणि फोन लागेपर्यंत वसंत विहारच्या घरात काय झालं असेल ते लिहायला नको.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. मुलाचा एक हंगाम, मग परवानगीचा अर्ज, मग नौपाडा. तसं झालं असतं तर मुदतीचा ताण उरला नसता आणि कदाचित स्टुडिओही घेतला गेला नसता. ९६ लाखांचा गिऱ्हाईक गेला असता हे खरं, पण नौपाड्यात स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या फ्लॅटला पुन्हा गिऱ्हाईक मिळतो. काकांना हे आजही मान्य नाही. त्यांचं म्हणणं, त्या इमारतीला तो भाव परत आला नसता. असेलही.

बयाना पाठवण्याआधी एक फोन. दोन लाख जाण्यापूर्वी वकिलाला, सीएला, निदान बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं असतं तर पन्नास हजार वाचले असते. बाहेरगावी घर घेताना लोक जागा बघायला विमानाने जातात, कागद बघायला मात्र कुणाला पाठवत नाहीत. जमाबंदीवरचं नाव, खसरा (म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा) क्रमांक, नगररचनेची मंजुरी आणि कलम ११८ हे चार कागद एखादा स्थानिक वकील माफक फीत तपासून देतो. तो मध्यस्थाने सुचवलेला नसावा, एवढीच अट.

भांडवली नफा खात्याबद्दलही त्यांना आधी नीट कल्पना द्यायला हवी होती, कारण त्यांच्या सीएने ती ओझरती दिली होती. घर घेण्याची मुदत दोन वर्षं. पण न वापरलेली रक्कम करपात्र ठरते ती विक्रीला तीन वर्षं पूर्ण होतात त्या वर्षी, आणि खातं बंद करायला प्राप्तिकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणजे परवानगी आली नाही तर पैसे लगेच मोकळे होत नाहीत. सत्तरीकडे झुकलेल्या जोडप्याला ३४ लाख असे बांधून ठेवणं परवडतं का, हा प्रश्न जुलै २०२५ मध्येच विचारायचा होता. ४.६ लाख कर भरून उरलेले मोकळे ठेवणं, हा पर्याय कागदावर होता, पण कर भरणं म्हणजे हरणं असं काकांना वाटतं.

सध्याची स्थिती

हे लिहिताना परवानगीचा अर्ज प्रलंबित आहे. मुलाचा दुसरा हिवाळा त्याच होमस्टेत चालू आहे, या वेळी वाटा थोडा वाढवून. स्वतःचं घर हवं हा हट्ट त्याने सोडलाय, आणि स्टुडिओचा आग्रह आता फक्त काकांचा.

कलम ५४ ची दोन वर्षं नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतात. काकूंनी त्याआधीची तारीख ठरवून घेतली आहे: गणपतीपर्यंत परवानगी आली नाही, तर विकसकाला रद्दचं पत्र जाणार आणि त्याच खात्यातून बदलापूरला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार वन-बीएचके घ्यायचा. दोन इमारती त्यांनी बघून ठेवल्या आहेत. काकांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण गेल्या रविवारी तेही बदलापूरला बरोबर गेले होते.